मत नाही, पण तीन मिनिटं आहेत



एक छोटासा प्रश्न. तुम्ही ज्या गावात राहता तिथल्या सिटी मॅनेजरचं नाव सांगा बरं. गूगल न करता!

नाही ना आलं? लाजू नका, मलाही येत नव्हतं. अध्यक्ष कोण, गव्हर्नर कोण, आपल्या कंपनीच्या सीईओला बोनस किती मिळाला, हे सगळं आपल्याला तोंडपाठ. पण ज्या माणसाच्या सहीने घरासमोरचा खड्डा बुजतो, नळाला पाणी येतं, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी राहणार ते ठरतं, तो माणूस कॉस्टकोच्या रांगेत आपल्या पुढे उभा असला तरी आपण ओळखणार नाही. कॅलिफोर्नियातल्या आमच्या छोट्या गावात घर घेऊन मला पाच वर्षं झाली होती, तरी असं काही पद असतं हेच मला धड माहीत नव्हतं. मेयर असतो आणि तोच सगळं चालवतो, असा माझा समज.

हा समज दूर झाला तो आमच्या बाबांमुळे.

गोष्ट २०२२ सालची. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा आमच्याकडच्या एका नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. इथे आल्या आल्या त्यांनी एक काम अंगावर घेतलं, ते म्हणजे नातीला सकाळी शाळेत सोडणं. शाळा चालत दहा मिनिटांवर. मधे एक मोठा रस्ता. पांढऱ्या पट्ट्यांचं क्रॉसिंग आहे, पण सिग्नल नाही, स्टॉपची पाटी नाही, आणि अगदी पट्ट्यांना चिकटून गाड्या लावलेल्या. एका सकाळी दोघं पट्ट्यांवर उतरले आणि कडेच्या एका व्हॅनच्या आडून भरधाव गाडी आली. तिने ब्रेक मारला तो पोरीच्या दप्तरापासून हातभर अंतरावर. कोणाला काही झालं नाही. बाबा घरी आले, न बोलता चहा घेतला. कप खाली ठेवताना मात्र बशी खडखडली. मग म्हणाले, "इथे नगरपालिका असेल ना? अर्ज कुठे द्यायचा?"

मी सिटीच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. टिकेट नंबर आला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की पट्ट्या नुकत्याच रंगवल्या आहेत, धन्यवाद, टिकेट क्लोज्ड. आपण आयटीवाले. काम न करता टिकेट कसं बंद करतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको :-)

बाबांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर्वसाधारण सभा कधी असते?"

सिटी कौन्सिलची सभा महिन्यातून दोन मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता असते असं कळलं. कॅलिफोर्नियात ब्राउन अॅक्ट म्हणून १९५३ सालचा एक कायदा आहे. त्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका निदान ७२ तास आधी लोकांसमोर लावावीच लागते. मी ती डाउनलोड करून बाबांना प्रिंट काढून दिली. सोबतच्या टिपण्या धरून दोनशेच्या वर पानं. माझ्या दृष्टीने ती झोपेची गोळी. बाबांनी मात्र चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि रविवारची पुरवणी वाचावी तशी ती वाचायला घेतली.

मला प्रत्येक पानावर इंग्रजी दिसत होतं, बाबांना त्यांचं ऑफिस दिसत होतं. "हे बघ, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. हे देयकांना मंजुरी. ही झाडं छाटायच्या ठेक्याला मुदतवाढ. ही पोलिसांची गाडी. आणि हे परेडसाठी रस्ता बंद करणं. सगळं तेच आहे रे!" या नेहमीच्या विषयांचा इथे एक गठ्ठा करतात, त्याला कन्सेंट कॅलेंडर म्हणतात. सगळ्या गठ्ठ्यावर एकच मत. एखाद्या मेंबरला त्यातल्या एका विषयावर बोलायचं असेल तर तेवढा बाहेर काढतात. बाबा म्हणाले, "म्हणजे विषय क्रमांक एक ते बावीस सर्वानुमते मंजूर. आम्ही पण तेच लिहायचो."

मग त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. "अरे, आयत्या वेळचे विषय कुठे आहेत?"

ज्यांचा नगरपालिकेशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे विषयपत्रिकेच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' अशी एक ओळ असते. बाबांच्या भाषेत, वरचे विषय जनतेसाठी आणि खालची ओळ ठेकेदारांसाठी. ब्राउन अॅक्टमध्ये ती सोय जवळपास बंदच आहे. जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर नियमित सभेत निर्णय घेता येत नाही. पत्रिका लावल्यानंतर काही तातडीचं उद्भवलं तरच, आणि तेही दोन तृतीयांश मतांनी. बाबांनी कागद खाली ठेवला. "कायदा करणारा माणूस हुशार होता. आमच्यासारख्या कोणाबरोबर तरी त्याने काम केलेलं असणार."

मंगळवारी आम्ही दोघं गेलो. ऐंशीएक खुर्च्या आणि माणसं मोजून अकरा. त्यातली चार सिटीच्याच नोकरीतली. समोर अर्धवर्तुळाकार टेबलामागे पाच कौन्सिल मेंबर. एक निवृत्त शिक्षिका, एक प्लंबिंगचा धंदा करणारे, असे साधेच लोक. महिन्याला काहीशे डॉलर मानधन. मेयर म्हणजे त्या पाचांपैकीच एक, आमच्याकडे ते पद दरवर्षी फिरतं. आणि टेबलाच्या टोकाला, सिटीच्या वकिलाशेजारी, एक बाई शांतपणे टिपणं काढत बसलेल्या. त्या सिटी मॅनेजर.

सुरुवातीला लोकांना बोलायला वेळ असतो, आमच्याकडे प्रत्येकी तीन मिनिटं. नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. नागरिकत्व कोणी विचारत नाही. मी एच-वन-बीवर. या देशात टॅक्स भरतो, घराचे हप्ते भरतो, पण मत नाही. त्या माइकसमोर मात्र माझी तीन मिनिटं गावात पन्नास वर्षं राहिलेल्या माणसाच्या तीन मिनिटांएवढीच होती. मी क्रॉसिंगबद्दल सांगितलं, व्हॅनबद्दल, दप्तराबद्दल. घड्याळाचा दिवा पिवळा झाला, लाल झाला. मेयर म्हणाले, "थँक यू." संपलं. कोणी प्रश्न नाही, चर्चा नाही. मला राग आला. मग मॅनेजर बाईंनी माइक ओढून सांगितलं की हा विषय पत्रिकेवर नसल्यामुळे आज त्यावर कौन्सिलला चर्चा करता येणार नाही, पण इंजिनिअरिंग विभागाला पाहणी करायला सांगते. म्हणजे ज्या नियमाचं बाबांनी रविवारी कौतुक केलं होतं, तोच मंगळवारी माझ्या आडवा आला.

सभा संपल्यावर त्या बाई स्वतः बाहेर आल्या. बाबांनी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत ओळख करून दिली, की मीही बत्तीस वर्षं म्युनिसिपालिटीत होतो. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात अवघड काम कोणतं होतं?" बाबा म्हणाले, "पाणीपट्टी वाढवणं." बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की वकीलसाहेब मागे वळून बघायला लागले.

हसण्याचं कारण मला नंतर समजलं. इथेही पाणीपट्टी वाढवणं म्हणजे दिव्यच. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नुसार प्रत्येक मालमत्ताधारकाला निदान ४५ दिवस आधी लेखी नोटीस पाठवावी लागते, मग जाहीर सुनावणी, आणि निम्म्याहून जास्त मालमत्तांकडून लेखी हरकती आल्या तर दरवाढ रद्द. लक्षात घ्या, ही हरकत मतदाराची नाही, मालमत्तेची आहे. म्हणजे घर तुमच्या नावावर असेल तर पासपोर्ट कुठलाही असो, ते पत्र तुमच्यासाठीच आहे. मी अशी दोन पत्रं जाहिरात समजून फेकून दिली होती!

आता हा सिटी मॅनेजर आला कुठून? इथल्या लोकांनी सुद्धा तो काही पहिल्यापासून नेमलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नगरपालिका वशिलेबाजी आणि ठेकेदारीसाठी बदनाम होत्या. १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन नावाच्या गावाने ठरवलं की राजकारण निवडून आलेल्यांनी करावं, पण गाव चालवायला एक पगारी माणूस ठेवावा. त्यांनी नेमलेला चार्ल्स अॅशबर्नर हा इंजिनिअर होता (आपल्या लोकांना हे वाचून बरं वाटेल). पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनलाही तो मॅनेजर होता. ही पद्धत गाजली मात्र ओहायोतल्या डेटनमुळे. मार्च १९१३ च्या महापुराने ते शहर बुडालं आणि जुना कारभारही त्यातच वाहून गेला. १९१४ पासून तिथे मॅनेजर आला. मोठ्या शहरांतला तो पहिला प्रयोग.

कल्पना सरळ कंपनीवरून उचललेली आहे. मतदार हे भागधारक, कौन्सिल हे संचालक मंडळ, मॅनेजर म्हणजे सीईओ. त्याला सभेत मत नसतं. खातेप्रमुख तो नेमतो आणि कौन्सिल मेंबरने परस्पर एखाद्या इंजिनिअरला फोन करून "माझ्या गल्लीतला रस्ता आधी कर" असं सांगायचं नाही. पण पाचातल्या तिघांनी ठरवलं तर मॅनेजर घरी जातो.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत होते. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे मुख्याधिकारी असतो, पण तो राज्य सरकारचा माणूस. बाबा म्हणाले, "आमचा साहेब सभागृहाला नको असला तरी राहतो आणि हवा असला तरी बदलून जातो. ऑर्डर मंत्रालयातून येते. ही बाई मात्र तीन हातांवर बसली आहे." कोणतं बरं, असं मी विचारलं. "दोन्हीकडे भीती आहेच. आमच्या साहेबाला वरची, हिला समोरची."

बाबा परत गेले आणि चार महिन्यांनी विषय पत्रिकेवर आला. त्याआधी रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या टाकून वाहनं मोजली होती, वेगही मोजला होता, जुन्या अपघातांची नोंद काढली होती. निष्कर्ष असा की स्टॉपची पाटी लावता येत नाही. त्याचे राज्यभर ठरलेले निकष आहेत, वाहनं किती, अपघात किती, दिसतं किती लांबचं. नुसता वेग कमी व्हावा म्हणून पाटी लावायची नसते. कारण नसताना लावलेली पाटी लोक पाळेनासे होतात आणि मग चालणाऱ्याला वाटतं गाडी थांबणार, पण ती थांबत नाही. मला हे पटायला वेळ लागला, पण पटलं. त्याऐवजी शिफारस होती ती क्रॉसिंगच्या आधी २० फूट पार्किंग बंद करायची आणि बटण दाबल्यावर लुकलुकणारे पिवळे दिवे लावायची. (पट्ट्यांजवळच्या २० फुटांत गाडी न लावण्याचा २०२३ मध्ये राज्यानेच कायदा केला आणि २०२५ पासून दंडही सुरू झाला. तेव्हा तो नव्हता.)

प्रश्न पैशाचा होता. आपण भरतो तो सगळा प्रॉपर्टी टॅक्स सिटीला जातो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मूळ टॅक्स घराच्या करपात्र किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि त्यातही शाळा, काउंटी असे बरेच वाटेकरी. उरलेल्यात पोलीस आणि अग्निशमन यांचाच मोठा घास. रस्त्यांसाठी राहतं ते थोडकं. इथे प्रत्येक रस्त्याला ० ते १०० असे गुण देतात, आणि मॅनेजर म्हणते की आधी बऱ्या रस्त्यांवर डांबराचा पातळ थर द्या. लोक चिडतात, खड्ड्यांचा रस्ता सोडून चांगल्या रस्त्यावर खर्च कशाला? पण बरा रस्ता वेळीच सांभाळला तर स्वस्तात टिकतो. तो पार खलास झाला की उकरून नव्याने करायला कितीतरी पट पैसे लागतात. आपल्या कोडचंही तेच नाही का? आज दोन तास दिले नाहीत तर तीन वर्षांनी सगळं रीराइट.

दिव्यांचे पैसे या यादीतूनच काढायचे होते. म्हणजे एका गल्लीचं काम वर्षभर पुढे जाणार. त्या गल्लीतल्या एक वयस्कर बाई फोटो घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वॉकरचं चाक रस्त्याच्या भेगेत अडकतं, दोनदा पडल्या आहेत. त्यांनीही तीनच मिनिटं घेतली. मी खुर्चीत जरा खाली सरकलो. इतका वेळ मला वाटत होतं की आपण एका बाजूला आणि सिटी दुसऱ्या बाजूला. तेव्हा कळलं की समोर सिटी नाही, त्या बाई आहेत.

एका मेंबरने मॅनेजरला सरळ विचारलं, "तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "दोन्ही कामं गरजेची आहेत आणि पैसे एकाचेच आहेत. माझी शिफारस कागदावर आहे. आधी कोणतं, हे तुम्ही ठरवायचं. ठरलं की ते करून दाखवणं माझं काम." मत झालं. तीन विरुद्ध दोन. दिवे मंजूर.

एवढ्या किरकोळ विषयाचं काय कौतुक, असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी बेलची गोष्ट. बेल हे लॉस एंजेलिसजवळचं छोटं, कष्टकरी वस्तीचं गाव. बरेचसे लोक स्थलांतरित, अनेकांना मत नाही. तिथे २००५ मध्ये एक विशेष मतदान झालं, बेलला चार्टर सिटी करायचं म्हणून. त्यामुळे कौन्सिलच्या मानधनावरची राज्याची मर्यादा टळणार होती. मतदान केलं चारशेहून कमी लोकांनी. पुढे सगळं असंच शांततेत मंजूर होत गेलं. जुलै २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापलं की तिथला सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेतो आणि अर्धवेळ काम करणारे बहुतेक कौन्सिल मेंबर लाखाच्या घरात. त्यानंतर खुर्च्या भरल्या, लोक रस्त्यावर आले, मेंबरांना परत बोलावलं गेलं. २०१४ मध्ये रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे तिथेही मॅनेजर तीन हातांवरच बसला होता, पण ते हातही त्याच्याच ताटात जेवत होते. या पद्धतीत भीती समोरची असते, असं बाबा म्हणाले होते. समोर कोणी बसलंच नाही तर भीती कोणाची?

त्यानंतर राज्याच्या कंट्रोलरने एक वेबसाइट काढली. तिथे कुठल्याही सिटीतल्या पदांचे पगार बघता येतात. तुमच्या मॅनेजरचा पगार दोन मिनिटांत सापडेल. आपण सीईओचा बोनस बघतोच की!

आमचे दिवे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लागले. आणि पुढच्या बजेटच्या सभेला मी पुन्हा गेलो, त्या बाईंच्या गल्लीसाठी. दीड मिनिटातच आटपलं. तोवर त्यांचा रस्ता यादीत वर आलेला होताच, माझ्या बोलण्याने काही फरक पडला असं नाही. पण त्या मागे वळून हसल्या, आणि मला त्या मंगळवारची खुर्ची आठवली.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. तुमच्या सिटीची पुढची विषयपत्रिका काढा आणि त्यातला एक, फक्त एक विषय टिपणीसकट वाचा. पाणीपट्टीचं पत्र फेकू नका. मुलांना घेऊन एकदा सभेला जा, कंटाळतील, काही बिघडत नाही. कारभार कंटाळवाणाच असतो. ज्या गावात तो फार रंगतदार होतो तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

दिवे लागले त्या दिवशी मी क्रॉसिंगवरूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला. लेकीने बटण दाबलं, दिवे लुकलुकले, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, ती आजोबांना हात हलवत पलीकडे गेली. मला वाटलं बाबा खूष होतील. ते म्हणाले, "छान, छान. पण ठरावाचा क्रमांक काय? आणि इतिवृत्त कायम झालं ना?"

झालं होतं. कन्सेंट कॅलेंडरवर, चर्चेविना.